नेमबाजाची दुर्बीण : तिची निवड व तिची मर्यादा

दिनांक १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकच्या नेमबाजीत, राजधानीपासून दूर शातोरू येथील मैदानावर, कोल्हापूर जिल्ह्याच्या राधानगरी तालुक्यातील कांबळवाडी गावचे श्री. स्वप्नील कुसाळे यांनी पन्नास मीटर रायफलच्या तीन आसनांच्या स्पर्धेत कांस्यपदक मिळविले. कराडनजीकच्या गोळेश्वरचे कै. खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकी येथे कुस्तीत कांस्यपदक जिंकल्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूस वैयक्तिक पदक लाभण्यास बहात्तर वर्षे लागली. गोळेश्वर व कांबळवाडी ही दोन्ही गावे आमच्या शिराळ्यास परकी नव्हेत. एक उत्तरेस, दुसरे दक्षिणेस, आणि दोन्हीकडील बोली आमच्या बाजारात रोज कानी पडते. त्यामुळे त्या दिवसापासून आमच्या विद्यार्थ्यांत नेमबाजीविषयी जी जिज्ञासा उत्पन्न झाली आहे, तिचे आम्हांस नवल वाटत नाही. कुस्ती आमच्या भागात घरोघर ठाऊक आहे. तालमीत मुलगा घालावयाचा तर काय खावे, किती जोर काढावेत, हे वडील माणसे न विचारता सांगतात. बंदुकीचे तसे नाही. तिच्यासंबंधी विचारावयाचे कोणास हेच पालकांस कळत नाही, व मग ते शाळेत येतात.

त्यांचा प्रश्न बहुधा एकच असतो : "सर, पोरानं हवेची बंदूक घ्यायची म्हटलंय, तिच्यावर दुर्बीण कसली बसवावी?" उसाचे बिल हाती आलेले असते, दुकानदाराने मोबाईलवर चार चित्रे पाठविलेली असतात, आणि बंदुकीपेक्षा दुर्बिणीची किंमत अधिक पाहून बाप गोंधळलेला असतो. एकेकास तोंडी उत्तर देण्यापेक्षा वार्षिकाच्या पानांवरच हा विषय मांडावा, असे आम्हांस वाटले. विज्ञानाच्या वर्गात भिंगांचे प्रकरण शिकलेल्या मुलांस यात आपले पाठ्यपुस्तक ओळखीचे वाटेल.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण ती ऐकून पुष्कळांस धक्का बसतो. कुसाळे यांच्या रायफलीवर दुर्बीण नव्हती. आंतरराष्ट्रीय नेमबाजी संघटनेच्या नियमांप्रमाणे ऑलिंपिकमधील रायफलीच्या कोणत्याही स्पर्धेत रायफलीवर दुर्बीण बसविण्याची परवानगी नाही. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिक येथे पन्नास मीटर रायफलच्या, पालथे पडून नेम धरण्याच्या स्पर्धेत ६०० पैकी ५९७ गुण मिळवून जागतिक अजिंक्यपद पटकाविले, तेही दुर्बिणीवाचून. पन्नास मीटरांवरील लक्ष्यात दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते, म्हणजे बोटाच्या नखाएवढे. शाळेच्या फाटकापासून निघालेली गोळी पन्नास मीटरांवरील त्या नखात साठपैकी बहुतेक वेळा जाऊन बसते, व नेम धरणाऱ्याच्या डोळ्यापुढे असते ते एक बारीक छिद्र व एक कडी.

ही योजना अशी आहे. रायफलीच्या मागच्या अंगास, डोळ्याजवळ, मिलिमीटरभराचे छिद्र असलेली चकती असते. नळीच्या टोकास एक लहान कडी असते. छिद्रातून कडी पाहावयाची, आणि कडीच्या मध्यभागी लक्ष्याचे काळे वर्तुळ सर्व बाजूंनी सारखा पांढरा काठ सोडून बसवावयाचे. एकाच मध्याभोवतीची वर्तुळे मनुष्याच्या डोळ्यास फार अचूक जुळविता येतात. एका बाजूचा काठ केसाएवढा बारीक झाला तरी तो तत्काळ खुपतो. यास आपल्याकडचे नेमबाज पीप साइट म्हणतात. आपल्या देशात शालेय व राज्य पातळीवर हवेच्या रायफलीच्या ज्या स्पर्धा होतात, त्या 'ओपन साइट', म्हणजे उघडी खाच व माशी, आणि 'पीप साइट' अशा दोन प्रकारांत घेतल्या जातात. दोहोंत दुर्बिणीस स्थान नाही. राष्ट्रीय छात्रसेनेच्या मुलांस पॉइंट टू-टू रायफल हाती मिळते, तीही उघड्या खाचेची व माशीचीच असते.

यास्तव ज्या पालकाचा हेतू मुलास जिल्ह्याच्या वा राज्याच्या शालेय स्पर्धेत उतरविण्याचा आहे, त्याने दुर्बिणीवर एक रुपयाही खर्च करू नये, असे आम्ही स्पष्टपणे सांगतो. तोच पैसा चांगल्या छर्ऱ्यांवर, मान्यताप्राप्त मैदानाच्या वर्गणीवर व प्रवासावर जाऊ द्यावा. दुर्बिणीची सवय लागलेला मुलगा पुढे खाचेवर आला, की त्यास पुन्हा आरंभापासून शिकावे लागते.

मग दुर्बीण चालते तरी कोठे? धावत्या लक्ष्याच्या स्पर्धेत ती चालते; दहा मीटरांवरील त्या प्रकारात तिची शक्ती चारपटीहून अधिक असता कामा नये, असा निर्बंध आहे. हा प्रकार २००४ नंतर ऑलिंपिकमधून वगळण्यात आला, तरी तो खेळ संपलेला नाही. बाकावर रायफल टेकवून अति सूक्ष्म नेम साधण्याचा 'बेंचरेस्ट' हा प्रकार पुष्कळ देशांत आहे; त्यात मोठ्या शक्तीच्या दुर्बिणी वापरतात. 'फील्ड टार्गेट' नामक आणखी एक खेळ आहे. त्यात सुमारे दहापासून पन्नासएक मीटरांपर्यंत निरनिराळ्या अंतरांवर पत्र्याची लक्ष्ये मांडलेली असतात, आणि अंतर किती हे नेमबाजाने दुर्बिणीच्या साह्यानेच ओळखावयाचे असते. शिवाय ज्यांस स्पर्धेत जावयाचे नाही, परंतु कागदी लक्ष्यावर मन एकाग्र करण्याचा छंद आहे, अशा प्रौढ माणसांसही दुर्बीण उपयोगी पडते. ज्यास यांपैकी काही करावयाचे असेल, त्याच्यासाठीच पुढील विवेचन आहे.

दुर्बीण लांबचे जवळ आणते, म्हणून नेम चांगला लागतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. उघड्या खाचेने नेम धरताना डोळ्यास तीन वस्तू एकदम पाहाव्या लागतात : हातभर अंतरावरील खाच, त्यापुढे नळीच्या टोकाची माशी, आणि कित्येक मीटरांवरील लक्ष्य. डोळ्यातील भिंग एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट पाहू शकते. पुस्तकाच्या अक्षरांवर दृष्टी ठेवली की खिडकीबाहेरचे झाड अंधुक होते, हे कोणीही पाहून घ्यावे. म्हणून जुने उस्ताद शिकवितात की, माशी स्वच्छ दिसू द्यावी व लक्ष्य अंधुक राहिले तरी हरकत नाही. दुर्बिणीत ही अडचणच नाहीशी होते. पुढच्या भिंगाने लक्ष्याची जी प्रतिमा नळीच्या आत उमटते, तिच्याच पातळीवर बारीक तारांची फुली बसविलेली असते. डोळ्याकडचे भिंग प्रतिमा व फुली दोन्ही एकाच वेळी, एकाच अंतरावर असल्यासारखी दाखविते. आमच्यासारख्या चाळिशी उलटलेल्या व चाळिशी लावणाऱ्या मंडळींस याचे महत्त्व विशेष पटेल, कारण वयानुसार डोळ्याचे भिंग ताठर होत जाते व माशी दिसेनाशी होते. चौदा वर्षांच्या निरोगी डोळ्यास मात्र ही उणीव नसते. बंदुकीवर दुर्बीण बसविण्याचे जे आरंभीचे प्रयत्न एकोणिसाव्या शतकात झाले, त्यांत मुंबई इलाख्याच्या फौजेतील डेव्हिडसन नावाच्या अधिकाऱ्याचे नाव येते. तेव्हा हा विषय अगदीच सातासमुद्रापलीकडचा आहे असे नव्हे.

येथे एक हकिकत सांगणे आम्हांस अवश्य वाटते. नववीच्या वर्गातील एका मुलाचे वडील असाच प्रश्न घेऊन आले होते. त्यांच्या नात्यातील एका माजी सैनिकाने आपली दुर्बीण मुलाच्या बंदुकीवर बसवून दिली होती, व तिच्यातून त्या मुलाचा नेम फार चांगला लागला. दुर्बीण काढली की दहा मीटरांवरील काळे वर्तुळ त्यास नुसता डाग दिसे. वडिलांनी यावरून दुर्बीण अत्यावश्यक आहे असा निष्कर्ष काढला, व तो वरकरणी बिनतोडही होता. आम्ही मुलास वर्गात शेवटच्या बाकावर बसवून फळ्यावरील तारीख वाचावयास सांगितले. त्यास ती वाचता येईना. नंतर एका जुन्या पोस्टकार्डास जाड सुईने भोक पाडून, एक डोळा मिटून त्या भोकातून पाहावयास सांगितले. तारीख त्याने घडाघडा वाचली.

यात जादू काही नाही. ऱ्हस्वदृष्टीच्या डोळ्यात दूरच्या वस्तूचे किरण पडद्याच्या अलीकडेच एकत्र येतात, व पडद्यावर पोहोचेपर्यंत पसरून प्रतिमा फिकट करतात. बारीक छिद्र बहुतेक किरणांस अडविते व मधोमध जाणारी अरुंद शलाका तेवढी आत सोडते. ती पसरतेच थोडी, म्हणून प्रतिमा स्पष्ट होते. भोकातून पाहिल्याने फळा अधिक स्पष्ट दिसू लागला, तर चष्म्याची गरज आहे असे बहुधा समजावे, आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे जावे. दुर्बिणीने काय केले होते? तिचे डोळ्याकडचे भिंग फिरवून आतबाहेर करता येते, व त्यायोगे ऱ्हस्वदृष्टीच्या डोळ्यासही जुळेल अशा कोनाने किरण बाहेर पडतात. म्हणजे दुर्बिणीने मुलाच्या डोळ्यातील दोष तात्पुरता भरून काढला होता व तेवढ्याच कौशल्याने झाकूनही टाकला होता. कराडास नेऊन त्याचे डोळे तपासविले, तेव्हा दोन्ही डोळ्यांस चष्मा लागला. दोन वर्षे गणितात त्याचे गुण का घसरत होते, हे त्याच्या वडिलांस त्या दिवशी कळले. दुर्बीण घेण्याचा बेत पुढे आपोआपच मागे पडला. जे पालक आमच्याकडे दुर्बिणीची चौकशी करतात, त्यांस आम्ही आता प्रथम पोस्टकार्डाचे भोक सांगतो.

पीप साइटमधील छिद्राचे कामही याच जातीचे आहे, हे चाणाक्ष विद्यार्थ्यांच्या ध्यानी आले असेलच.

आता निवडीकडे वळू. दुकानात दुर्बिणीवर '३-९×४०' असे आकडे लिहिलेले आढळतात. याचा अर्थ, प्रतिमा तीनपटीपासून नऊपटीपर्यंत हवी तशी मोठी करता येते, व पुढच्या भिंगाचा व्यास ४० मिलिमीटर आहे. बहुतेक ग्राहक मधला आकडा पाहून भुलतात. आमच्या मते तो आकडा सर्वांत शेवटी पाहावयाचा आहे. सर्वांत प्रथम पाहावयाची गोष्ट वेष्टनावर ठळक लिहिलेली नसते. ती म्हणजे ही दुर्बीण कोणत्या अंतरासाठी जुळविलेली आहे.

प्रयोगशाळेत मोजपट्टीवरील काट्याचे वाचन तिरप्या डोळ्याने घेतले, तर आकडा चुकतो, हे मुलांस शिकविलेले असते. काटा व पट्टी यांच्यामध्ये अंतर असल्यामुळे डोळा सरकला की काटाही सरकल्यासारखा दिसतो. याच प्रकारास लंबन अथवा पॅरॅलॅक्स म्हणतात. दुर्बिणीत लक्ष्याची प्रतिमा व फुली एकाच पातळीवर असतात असे आम्ही वर म्हटले, पण ते एका ठराविक अंतरावरील लक्ष्यापुरतेच खरे आहे. लक्ष्य त्याहून जवळ आणले की प्रतिमा फुलीच्या मागे सरकते. मग गाल दस्त्यावर किंचित इकडेतिकडे टेकला, तरी रायफल न हलता फुली लक्ष्यावरून सरकते. शिकारीसाठी बनविलेल्या पुष्कळ दुर्बिणी शंभर यार्डांवर, म्हणजे सुमारे ९१ मीटरांवर, कायमच्या जुळविलेल्या असतात. अशी दुर्बीण जवळच्या लक्ष्यावर वापरल्यास जास्तीत जास्त किती चूक होईल, हे त्रैराशिकाने काढता येते : पुढच्या भिंगाच्या व्यासाच्या निम्मे घ्यावे, त्यास दोन अंतरांतील फरकाने गुणावे व जुळविलेल्या अंतराने भागावे. भिंग ४० मिलिमीटरचे व लक्ष्य ५० मीटरांवर असेल, तर २० गुणिले ४१ भागिले ९१, म्हणजे ९ मिलिमीटर. दहाचे वर्तुळ मध्यापासून ५.२ मिलिमीटर पसरलेले असते. अर्थात रायफल तिळभर न हलविताही दहाचा नऊ होऊ शकतो. तीच दुर्बीण दहा मीटरांवर वापरली तर उत्तर सुमारे १८ मिलिमीटर येते. दहा मीटरांच्या लक्ष्यात दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा व सगळे काळे वर्तुळ ३०.५ मिलिमीटरचे असते. म्हणजे ही चूक काळ्या वर्तुळाच्याही बाहेर घेऊन जाते! शंभर यार्डांची महाग दुर्बीण दहा मीटरांसाठी स्वस्त दुर्बिणीहून वाईट ठरते ती अशी.

म्हणून जवळच्या लक्ष्यासाठी अशीच दुर्बीण घ्यावी, की जिच्या पुढच्या भिंगाभोवती अथवा डाव्या अंगास अंतर जुळविण्याचे चाक आहे, व त्या चाकावर दहा मीटरांपर्यंत, निदान दहा यार्डांपर्यंत आकडे आहेत. ही परीक्षा दुकानातही करता येते. दुर्बीण दोन पुस्तकांमध्ये पक्की टेकवावी, दहा-बारा मीटरांवरील भिंतीच्या एखाद्या खुणेवर फुली आणावी, चाक त्या अंतरावर ठेवावे, आणि दुर्बिणीस हात न लावता डोके किंचित डावीउजवीकडे व वरखाली हलवावे. फुली खुणेवर चिकटून राहिली, तर ठीक. पोहू लागली, तर दुर्बीण परत करावी. मात्र त्याआधी डोळ्याकडचे भिंग आपल्या डोळ्यास जुळवून घ्यावे. आकाशाकडे वा पांढऱ्या भिंतीकडे पाहून फुली क्षणात काळीभोर दिसेपर्यंत ते फिरवावे. फार वेळ टक लावून पाहू नये, कारण डोळा स्वतःच ताण घेऊन चूक भरून काढतो व परीक्षा फसते. दुकानातून रस्त्यापलीकडील पाटी वाचून "काच फार स्वच्छ आहे" असे म्हणणाऱ्या ग्राहकाने दुर्बिणीची परीक्षा केलीच नाही, असे समजावे.

शक्तीविषयी थोडे. दुर्बीण लक्ष्य जितके मोठे करते, तितकाच हाताचा कंपही मोठा करून दाखविते. खरा कंप वाढत नाही, हे खरे. परंतु चोवीसपटीच्या दुर्बिणीतून आपल्या नाडीचे ठोके फुलीस हलविताना दिसू लागले, की नवशिका मुलगा घाबरतो, आणि फुली मध्यावर येईल त्या क्षणी घोडा झटक्याने ओढतो. नेमबाजीत यासारखी वाईट सवय दुसरी नाही. उभे राहून नेम धरणाऱ्यास चार ते सहापट पुष्कळ होते. पालथे पडून, पट्ट्याच्या आधाराने, आठ-दहापट सोसते. बाकावर वाळूच्या पिशवीत रायफल रुतवून बसणाऱ्यासच त्यापुढची शक्ती कामाची आहे. दुसरे असे की, पुढच्या भिंगाच्या व्यासास शक्तीने भागले असता डोळ्याशी येणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते. ४० मिलिमीटरचे भिंग दहापटीवर ४ मिलिमीटरचा झोत देते. भर दिवसा आपली बाहुली दोन-तीन मिलिमीटर उघडी असते, तेव्हा तेवढा पुरे होऊन डोके थोडे सरकण्यासही वाव राहतो. तेच भिंग चोवीसपटीवर दीड मिलिमीटरच्या आसपास येते; मग चित्र मंद होते, व डोळा केसभर चुकला तरी सर्वत्र काळोख. चैत्र-वैशाखात सकाळी दहानंतर आमच्या माळावर जमिनीतून जी झळ उठते, तीही मोठ्या शक्तीच्या दुर्बिणीत उकळत्या पाण्यासारखी दिसते, आणि लक्ष्य तिच्यात नाचू लागते.

दुर्बिणीच्या मध्यावर दोन खुंट्या असतात, एक वरखाली करण्यासाठी व दुसरी डावीउजवीकडे. त्या फिरविल्या की 'टक टक' असा आवाज होतो. प्रत्येक टकटकीस क्लिक म्हणतात. वर्तुळाचे ३६० अंश, व अंशाच्या साठाव्या भागास आपल्या जुन्या ज्योतिषात कला म्हणतात, हे भूमितीच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. एक कला शंभर मीटरांवर २९ मिलिमीटर, पन्नासावर १४.५ व दहावर २.९ मिलिमीटर जागा व्यापते. बहुतेक दुर्बिणींची क्लिक पाव कलेची असते. म्हणजे पन्नास मीटरांवर एका क्लिकने गोळी सुमारे ३.६ मिलिमीटर सरकते. पाच गोळ्यांचा घोळका मध्यापासून १८ मिलिमीटर डावीकडे पडला, तर उजवीकडे पाच क्लिक. हेच दहा मीटरांवर घडले, तर पंचवीस. एकेका गोळीवरून खुंटी कधीही फिरवू नये. प्रथम पाच गोळ्या, मग घोळक्याचा मध्य, मग गणित.

खुंट्यांच्या प्रामाणिकपणाची परीक्षा अवश्य करावी, कारण स्वस्त दुर्बिणी येथेच दगा देतात. रायफल भक्कम टेकवून, सर्व वेळ एकाच खुणेवर फुली धरून, तीन गोळ्या माराव्यात. नंतर वीस क्लिक उजवीकडे व तीन गोळ्या. वीस वर व तीन. वीस डावीकडे व तीन. शेवटी वीस खाली व तीन. कागदावर चौकोन उमटला पाहिजे, आणि शेवटचा घोळका पहिल्यावर येऊन बसला पाहिजे. चौकोन वाकडा आला किंवा मिटला नाही, तर ती दुर्बीण कितीही स्वच्छ दिसो, ती नेमबाजाच्या कामाची नाही. फुलीच्या तारा मात्र बारीक असाव्यात; जाड तारेखाली दहाचा ठिपका समूळ लपतो.

बसविण्यासंबंधी दोनच गोष्टी सांगतो. आपल्याकडे पुष्कळ घरांत जी मोडून भरावयाची स्प्रिंगची हवेची बंदूक असते, ती दिसते साधी. पण तिचा धक्का दुहेरी असतो. आधी मागे व लगेच दट्ट्या टोकाशी आदळून पुढे. भारी काडतुसाच्या रायफलीवर वर्षानुवर्षे टिकलेली दुर्बीणसुद्धा या पुढच्या धक्क्याने आतून ढिली होते, कारण तो धक्का सोसण्यासाठी ती बनविलेलीच नसते. स्प्रिंगच्या बंदुकीसाठी म्हणून स्पष्ट सांगितलेली दुर्बीणच घ्यावी, व ती मागे सरकू नये म्हणून अडण्याची खीळ असलेल्या कड्या घ्याव्यात. दुसरे, दुर्बिणीचे मागचे टोक डोळ्यापासून आठ-दहा सेंटिमीटर दूर राहिले पाहिजे. मान पुढे ताणून डोळा दुर्बिणीस नेण्याऐवजी गाल सहज दस्त्यावर टेकवावा व दुर्बीणच मागेपुढे सरकवून डोळ्याशी आणावी. भुवईस लागलेला घाव हा या चुकीचा ठसा असतो.

शाळेने वा मंडळाने दुर्बिणीवर पैसा घालावयाचाच असेल, तर आमची सूचना निराळी आहे. तिपाईवर उभी करण्याची एक चांगली दुर्बीण घ्यावी. जेथे कागदी लक्ष्ये वापरतात, तेथे नेमबाज अशी दुर्बीण शेजारी ठेवून आपली गोळी कोठे लागली हे पाहतो. पन्नास मीटरांवरील ५.६ मिलिमीटरचे भोक उघड्या डोळ्याने दिसत नाही. मोठ्या स्पर्धांतून आता विजेची लक्ष्ये आली असून गुण शेजारच्या पडद्यावर उमटतात. आमच्या भागात मात्र कागदच आहे. ही एक दुर्बीण रांगेतील दहा मुलांच्या उपयोगी पडते, कोणत्याही नियमाचा भंग करीत नाही, आणि रात्री तिच्यातून गुरूचे चंद्र दाखविता येतात. बंदुकीवरची दुर्बीण ही सोय देत नाही. कारण तिच्यातून जिकडे पाहावे, तिकडे नळीही रोखली जाते. ती रिकामी आहे असे वाटत असले, तरी तिने रस्त्यावरचे माणूस वा शेजारच्या रानातील बैल न्याहाळणाऱ्या मुलाच्या हातून बंदूक काढून घ्यावी, याविषयी आमच्या मनात किंचितही शंका नाही.

पालकांस कायद्याचेही भान हवे. पॉइंट टू-टू रायफलीस शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे परवाना लागतो. ०.१७७ इंचांपर्यंतच्या नळीच्या व २० ज्यूलपर्यंतच्या शक्तीच्या हवेच्या बंदुकीस तो लागत नाही. तथापि विकत घेण्यापूर्वी पोलीस ठाण्यात विचारून घ्यावे, व पावती जपून ठेवावी. परवाना लागत नाही याचा अर्थ पाखरे मारण्यास मोकळीक आहे, असा नव्हे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ लागू आहे, आणि आमच्या तालुक्याच्या पश्चिमेस तर चांदोलीचे राष्ट्रीय उद्यानच आहे. दहा मीटरांवरील कागदामागे वाळूने भरलेली पोती वा जाड मातीचा बांध असल्यावाचून घरी छर्रा भरू नये. पत्र्यावर व दगडावर लागलेला छर्रा उलटतो, आणि तो कोणाच्या डोळ्यात जाईल हे दुर्बीण सांगत नाही.

ज्यांच्याकडे दुर्बीण आधीच आहे, त्यांनी पावसाळ्यात तिची काळजी घ्यावी. शिराळ्याकडील आर्द्र हवेत तीन-चार महिने चामड्याच्या बंद पिशवीत ठेवलेल्या भिंगावर बुरशीचे कोळिष्टक धरते, व ते काचेवरील लेप खाऊन टाकते. मग पुसून काही होत नाही. चामडी पिशवी बाजूस सारावी. झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात, औषधांच्या बाटल्यांतून मिळणाऱ्या ओल शोषणाऱ्या पुड्या घालून, दुर्बीण ठेवावी, आणि ऊन पडेल त्या दिवशी डबा उघडून हवा लागू द्यावी. भिंगाचे तोंड मात्र सूर्याकडे करू नये. काचेवर धूळ दिसली तर धोतराच्या सोग्याने वा सदऱ्याच्या टोकाने घासू नये. आधी मऊ कुंचल्याने धूळ झाडावी, तोंडाची वाफ हलकेच सोडावी, व स्वच्छ धुतलेल्या जुन्या मलमलीने मध्यापासून काठाकडे गोल फिरवीत पुसावे.